पेवातील धान्याचा श्वास

पेव उघडताना माणूस दगावल्याच्या घटना ज्वारीच्या मुलखात पूर्वीपासून घडत आल्या आहेत. त्यांचा क्रम बहुधा एकच असतो. तोंडावरची माती व फरशी दूर होते, एक गडी आत उतरतो आणि बघता बघता खाली कोसळतो. त्याला काढण्यासाठी भाऊ किंवा मुलगा घाईने उतरतो, व तोही पडतो. आत आग नाही, धूर नाही, साप नाही. म्हणून कोठे कोठे हा प्रकार बाहेरची बाधा समजला जातो. खरे कारण मात्र पेवात साठविलेल्या ज्वारीतच असते.

ज्वारीचा दाणा कोरडा व निश्चल दिसला तरी तो सजीव असतो, आणि सजीव असल्यामुळे श्वसन करतो. दाण्यातील पिष्टाची प्रथम साखर होते. पेशींमधील तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भागांत प्राणवायूच्या साह्याने त्या साखरेचे संथ ज्वलन होते, आणि त्यातून कार्बन डायॉक्साइड म्हणजेच कर्बवायू, पाणी व उष्णता ही बाहेर पडतात. पानाला पर्णरंध्रे असतात, तशी दाण्याला नसतात. वायूंची देवघेव सालीतून हळूहळू होते.

झाडे दिवसा प्राणवायू व रात्री कर्बवायू सोडतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच बरोबर आहे. श्वसन रात्रंदिवस चालू असते. दिवसा हिरव्या पानांतील अन्न तयार करण्याची क्रिया त्याहून जोराने चालते, म्हणून ते झाकले जाते इतकेच. यान इंगेनहाउस या डच वैद्याने 1779 साली दाखवून दिले की, उजेडात हवा शुद्ध होते ती वनस्पतीच्या हिरव्या भागांमुळेच. दाणा हिरवा नाही आणि पेवात उजेडही नाही. तेथे प्राणवायू फक्त खर्च होतो.

हा खर्च किती अल्प श्वसनाने पुरा होतो, हे हिशोबाने पाहण्यासारखे आहे. 50 क्विंटल ज्वारीने भरलेल्या पेवात दाण्यांमधील पोकळ्यांत सुमारे अडीच हजार लिटर हवा असते. तिच्यातील प्राणवायू शेकडा 21, म्हणजे पाचशे लिटरांच्या आसपास. आता 180 ग्रॅम साखर पूर्ण जळण्यास 192 ग्रॅम प्राणवायू लागतो, आणि 264 ग्रॅम कर्बवायू निर्माण होतो. या प्रमाणाने पेवातील सगळा प्राणवायू संपविण्यास पाऊण किलोहूनही कमी साखर पुरते. पन्नास क्विंटलांतून इतके वजन घटले तर मालकाच्या ध्यानातही येणार नाही.

पेवाचा गुणही याच गोष्टीत आहे. प्राणवायू संपत आला म्हणजे सोंडे व इतर किडी गुदमरून मरतात, आणि धान्य औषधावाचून टिकते. हल्लीच्या हवाबंद पिशव्यांचे तत्त्व हेच होय. मात्र धान्य नीट वाळलेले हवे. ओल 12 टक्क्यांच्या आत असली तर श्वसन अगदी मंद चालते. दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे, ही जुनी पारख उपयोगाची आहे. ओलसर दाणा जोराने श्वसन करतो, त्यातून पाणी व उष्णता सुटते, त्या ओलीने श्वसन आणखी वाढते, आणि भिंतीलगतचा थर बुरशी धरून काळा पडतो. प्राणवायूवाचून राहिलेला ओला दाणा आंबतो व त्याचा अंकुर मरतो; तेव्हा बियाणे पेवात ठेवू नये.

हळदीच्या पेवांची गोष्ट किंचित निराळी. सांगलीजवळच्या हरिपूर येथील पेवे प्रसिद्ध होती. 2005 च्या महापुराने त्यांची मोठी हानी केली. शिजविलेली हळद श्वसन करीत नाही, परंतु तिच्यावरील बुरशी व किडी करतात. म्हणून हळदीचे पेवही निर्धोक मानता येत नाही.

कर्बवायूला रंग नाही आणि वास नाही. तो हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. तोंड उघडून थोडा वेळ थांबल्याने तो निघून जाईल, हा भरवसा धरू नये. हवेत त्याचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो, आणि प्राणवायू जवळजवळ संपलेला असेल तर त्याहून फार लवकर.

पेव उघडल्यावर लांब नळी तळापर्यंत सोडून पंख्याने ताजी हवा बराच वेळ भरावी, आणि माणूस आत असेपर्यंत पंखा बंद करू नये. पेटता कंदील दोराने खाली सोडून पाहण्याची रीत आहे. कंदील विझला तर कोणीही उतरता कामा नये, हे निश्चित. पण तो जळत राहिला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. पुष्कळ प्राणवायू शिल्लक असतानाही कर्बवायू घातक प्रमाणात असू शकतो. वरचे धान्य उपसल्यानंतर खालच्या थरात अडकलेला वायू मोकळा होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी उतरतानाही हीच काळजी घ्यावी लागते.

उतरणाऱ्याच्या छातीभोवती व काखेखालून मजबूत दोर बांधलेला असावा, आणि त्याचे टोक वर किमान दोन धट्ट्याकट्ट्या माणसांच्या हाती असावे. त्याच्याशी सतत बोलत राहावे. उत्तर आले नाही की लगेच वर ओढावे. दोर न बांधता कोणी पडलाच, तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. नळीने हवा सोडत राहावे व अग्निशमन दलास ताबडतोब बोलवावे. पेव उघडण्यापूर्वी ही गोष्ट ग्रामसेवकाने घरातील स्त्रियांना व मुलांनाही समजावून सांगावी, कारण अशा वेळी पहिली धाव त्यांचीच असते.