'परमाणु' पाहताना : पडद्यावरचे पोखरण आणि खरे पोखरण



'परमाणु : द स्टोरी ऑफ पोखरण' हा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दिग्दर्शक अभिषेक शर्मा, मुख्य भूमिकेत जॉन अब्राहम. २५ मे २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला. वाळवंट हादरते तेव्हा अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. पण अंगावर काटा येणे वेगळे आणि इतिहास समजणे वेगळे. म्हणून या पाठात चित्रपट आणि प्रत्यक्ष घटना शेजारी शेजारी ठेवून पाहू.

काय घडले?

भारताने पहिली अणुचाचणी १८ मे १९७४ रोजी राजस्थानातील पोखरण येथे केली. डिसेंबर १९९५ मध्ये पुन्हा तयारी झाली. पण अमेरिकेच्या उपग्रहांनी ती टिपली आणि दबाव आल्यामुळे चाचणी थांबवावी लागली. अखेर ११ मे १९९८ रोजी दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी तीन आणि १३ मे रोजी आणखी दोन चाचण्या झाल्या. ११ मे हा दिवस आपण १९९९ पासून 'राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन' म्हणून पाळतो.

चित्रपटात खरे काय?

उपग्रहांची नजर खरी आहे. उपग्रह ठरलेल्या कक्षेत फिरतो, त्यामुळे तो डोक्यावर केव्हा येणार हे गणिताने काढता येते. त्याला माणसाचा चेहरा ओळखायचा नसतो. नवा मातीचा ढीग, हललेले यंत्र, ताज्या चाकोऱ्या यांवरून तो अंदाज देतो. म्हणून जड कामे बहुधा रात्री होत. पहाटे यंत्रे पुन्हा जुन्या जागी उभी केली जात. उपसलेल्या वाळूच्या ढिगांना वाऱ्याने घडवलेल्या टेकड्यांसारखा आकार दिला जाई. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत आणि टोपणनावे वापरत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम तिथे 'मेजर जनरल पृथ्वीराज' होते.

रचलेले काय?

चित्रपटाचा नायक अश्वत रैना हा सनदी अधिकारी काल्पनिक आहे. हेरांचे पाठलाग आणि मारामाऱ्याही कथेच्या सोयीसाठी आहेत. यात गैर काही नाही. सव्वादोन तासांत गोष्ट सांगायची तर दिग्दर्शकाला एक चेहरा लागतो. धोका वेगळाच आहे. एकटा हिंमतवान माणूस देशाचे काम तडीस नेतो, अशी समजूत पाहणारा नकळत घरी घेऊन जातो.

खरे पोखरण कोणाचे?

त्या वेळी डॉ. कलाम संरक्षण संशोधन संस्थेचे प्रमुख होते, डॉ. आर. चिदंबरम अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते आणि डॉ. अनिल काकोडकर भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. काकोडकर आपल्या मध्य प्रदेशातल्या बडवानीचे. त्यांचे शिक्षण आधी खरगोनला आणि पुढे मुंबईत झाले. १९७४ आणि १९९८ या दोन्ही चाचण्यांच्या कामात ते होते. जमिनीवरचे काम सेनेच्या ५८ इंजिनिअर रेजिमेंटने सांभाळले. खोल विवरे तयार ठेवणे, केबल गाडणे, उजाडण्यापूर्वी सगळ्या खुणा पुसणे हे जवानांचे काम होते. एका जवानाने एक फावडे उघड्यावर विसरले असते, तरी १९९५ ची पुनरावृत्ती होण्याचा धोका होता. पडद्यावर हे काही सेकंदांत सरते. प्रत्यक्षात ती शिस्त रोज पाळावी लागली, आणि तीही घरी काही न सांगता.

११ मेच्या सकाळी सारी सिद्धता झाल्यावरही वारा अनुकूल नव्हता. तो निवळेपर्यंत सगळे थांबले. थांबणे हाही शौर्याचा भाग असतो; पडद्यावर मात्र तो दाखवणे कठीण.

आपल्या गावातली गोष्ट

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीची स्थापना १९०४ ची. तिथे १५५ मिलिमीटरची 'धनुष' तोफ घडली. बोफोर्स करारात मिळालेल्या जुन्या आराखड्यांवरून तिची सुरुवात झाली. २०१७ च्या चाचण्यांत गोळा नळीच्या तोंडावरील भागाला लागण्याचे प्रकार घडले. काम थांबवून कारणे शोधली गेली, दुरुस्त्या झाल्या. जून २०१८ मध्ये पोखरणच्याच रणात सहा तोफांनी एकत्र मारा करून परीक्षा दिली आणि ८ एप्रिल २०१९ रोजी पहिल्या सहा तोफा सेनेकडे सोपवल्या गेल्या. यात एक नायक शोधू गेलात तर सापडणार नाही. फिटर, वेल्डर, तपासनीस, अभियंते आणि तोफखान्याचे जवान सापडतील. तुमच्यापैकी काहींच्या घरातलेच कोणी त्यांत असेल.

उद्या तुम्ही गणवेश घालाल किंवा प्रयोगशाळेत जाल. तुमच्या कामावर बहुधा चित्रपट निघणार नाही. ते काम तितक्याच चोख रीतीने होईल का, हा प्रश्न आजच स्वतःला विचारून ठेवा.

स्वाध्याय

१. 'परमाणु' पुन्हा पाहा. खरे प्रसंग आणि रचलेले प्रसंग अशा दोन याद्या करा.
२. १९९५ च्या अपयशातून १९९८ साठी कोणते धडे घेतले गेले? तीन मुद्दे लिहा.
३. कारखान्यात किंवा सेनेत काम केलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. जे सांगण्यासारखे असेल तेवढेच विचारा आणि दहा ओळींत लिहून काढा.