भाड्याचं घर, फुगलेलं वीजबिल: किती भरायचं, कुठे भांडायचं?

दरमहा हजार-बाराशेचं बिल अचानक चौदा हजारांचं आलं, घर भाड्याचं, आणि मालक म्हणतो, ‘वापरलंत तुम्ही, भरा तुम्ही.’ घाबरून पूर्ण रक्कम भरू नका. रागाने बिल तसंच पडूही देऊ नका. पुढची माहिती महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी आहे. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचं कनेक्शन असेल तर कार्यालयं वेगळी, कायदा तोच.

आधी बिल आणि मीटर समोरासमोर ठेवा. बिलावरचा मीटर क्रमांक मीटरवरच्या क्रमांकाशी जुळतो का? बिलावरचं चालू रीडिंग आज मीटरवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त असेल, तर रीडिंगच चुकलं आहे. लगेच फोटो काढा. मग घरातला मेन स्विच बंद करा आणि कोणाला तरी मीटरपाशी उभं करा. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत राहिला, तर तुमच्या मीटरवरून दुसऱ्याची वीज जाते आहे किंवा वायरिंगमध्ये गळती आहे. मोठ्या सोसायट्यांत दोन फ्लॅटच्या मीटरची अदलाबदल झालेली असते, तीही याच चाचणीत कळते. या सगळ्याचा व्हिडिओ करून ठेवा. मीटरच्या सीलला मात्र हात लावू नका, कोणाला लावू देऊ नका. ‘साहेबांशी बोलून मीटर सेट करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सील तुटलेलं सापडलं तर प्रकरण वीजचोरीच्या कलम १३५ पर्यंत जातं, आणि घरात राहणारे तुम्ही असता.

आता मागची बिलं काढा. दोन-चार महिने सरासरीने बिल आलं आणि नंतर सगळे युनिट एकदम लावले, असं पुष्कळदा होतं. इथे पैसे टप्प्यांमध्ये जातात. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे, असे आहेत. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट. चार महिन्यांत मिळून ३६० युनिट जळाले असतील तर महिना ९० पडतात, म्हणजे सगळे पहिल्या टप्प्यात. तेच एका महिन्याचे धरले तर २६० युनिट वरच्या दराने लागतात. अर्जात स्पष्ट लिहा: ‘युनिट महिनावार विभागून टप्प्यांचा लाभ द्यावा, आधी भरलेली सरासरी बिलं वजा करावीत.’

तक्रार १९१२ वर नोंदवा आणि क्रमांक लिहून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. बिलावर छापलेल्या उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. सोबत लागेल ते असं: बारा अंकी ग्राहक क्रमांक, मागच्या वर्षभराची बिलं, मीटरचे फोटो, भाडेकरार, तुमचं ओळखपत्र. कनेक्शन मालकाच्या नावावर असतं, म्हणून त्याचं सहीचं अधिकारपत्र घ्या. ते नसेल तर खिडकीवर पहिला अडथळा तिथेच येतो.

तोवर किती भरायचं? विद्युत कायदा २००३ चं कलम ५६ तुमच्या बाजूचं आहे. वाद चालू असताना मागणीची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वीज तोडता येत नाही. सरासरी १,२०० असेल तर १,२०० भरा, पुढची बिलंही तशीच भरत राहा. ऑनलाइन पूर्ण बिल भरून टाकू नका. कार्यालयातून अंशतः रकमेची पावती मागा. थकबाकीसाठी तोडायचं झालं तरी आधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. ‘आज रात्री वीज बंद होईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा आहे.

मीटरवरच संशय असेल तर तपासणीचा अर्ज करा. शुल्क किती ते आधी विचारा, पावतीशिवाय एक रुपया देऊ नका, तपासणीला स्वतः हजर राहा आणि अहवालाची प्रत घ्या. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यावर पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने वापर पडताळायचा असतो. हा दुसरा मीटर अर्जात नियमाचं नाव घेऊन मागा. मीटर सदोष किंवा बंद निघाला, तर राज्याच्या वीजपुरवठा संहितेनुसार दुरुस्ती जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतीच होते. वर्षभराची वसुली लावली असेल तर हा नियम दाखवा.

मालकाशी हिशेब करताना दोन ओळी नीट पाहा. जुन्या भाडेकरूची थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज तुमचं नाही. सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, तेही मालकाचं, कारण ती रक्कम कनेक्शनधारकाच्या नावावर जमा राहते. स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मात्र द्यावं लागतं. सबमीटर असेल तर मुख्य मीटरच्या बिलाची प्रत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

उपविभागाने दाद दिली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. वकील लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे. कार्यालयं मुंबई आणि नागपूरला. बिलावर कलम १२६ (विजेचा अनधिकृत वापर) लिहिलेलं असेल तर मंच ते प्रकरण घेत नाही. तिथे अंतिम आदेशानंतर ३० दिवसांतच अपील करायचं असतं, आणि त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते.