तोब्रुक बंदर आणि आमचे पणजोबा


आमच्या घरी पणजोबांची पत्र्याची पेटी आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने ‘तोब्रुक’ असे लिहिले आहे. मी लहान असताना आजोबांना विचारले, हे गाव कुठल्या तालुक्यात? ते खूप हसले. यंदा गुरुजींनी शाळेतला नकाशासंग्रह घरी नेऊ दिला, तेव्हा मी ते गाव शोधले.

आफ्रिकेच्या उत्तरेला भूमध्य समुद्र आहे. तिथे इजिप्तच्या पश्चिमेला लिबिया देश लागतो. त्याच्या पूर्व टोकाला तोब्रुक आहे. ते २४ अंश पूर्व रेखांशावर, आपण साधारण ७४ वर. फरक ५० अंशांचा. एका अंशाला ४ मिनिटे धरली तर २०० मिनिटे होतात. घड्याळाने मात्र आपण साडेतीन तास पुढे आहोत.

जमिनीचे एक बोट समुद्रात गेले आहे आणि त्याच्या आडोशाला खोल, शांत पाणी आहे. म्हणून बंदर उत्तम. गावामागे मात्र वाळवंट. पाऊस हिवाळ्यात थोडासा. वर धूळ आणि खाली खडक, त्यामुळे खंदक खणताना हातांना फोड यायचे. विहिरीचे पाणी मचूळ. तिथला चहासुद्धा खारट लागायचा, असे पणजोबा सांगत. आपल्या माणदेशात पाऊस नाही म्हणून कुणी कुरकुर केली की ते म्हणायचे, ‘अरे, पाणी गोड हाय न्हवं? मग गप प्या.’

इथे फार पूर्वी ग्रीक लोकांची वस्ती होती. पुढे तुर्कांचे राज्य आले आणि १९११ साली इटलीने ते घेतले. दुसऱ्या महायुद्धात या बंदरासाठी मोठी झुंज झाली. का? तर वाळवंटात फौजेला पाणी, पेट्रोल, भाकरी सगळे बाहेरून आणावे लागते. तोब्रुक हाती नसेल तर जर्मनांना ते शेकडो मैल लांबच्या बंदरांतून मोटारींनी आणावे लागे. निम्मे पेट्रोल तर मोटारीच पिणार!

जानेवारी १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याने हे गाव जिंकले. एप्रिलमध्ये जर्मन सेनापती रोमेलने वेढा घातला. तो सुमारे आठ महिने चालला. अंधाऱ्या रात्री आरमारी जहाजे चोरून रसद पोचवत. शत्रूच्या रेडिओने आतल्या सैनिकांना उंदीर म्हणून हिणवले, तर त्यांनी तेच नाव कौतुकाने लावून घेतले. हे मला फार आवडले.

रोमेल १९४२ मध्ये पुन्हा आला. या वेळी संरक्षणाच्या रांगेत आपली मराठा पलटण होती, पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी. पणजोबा तिच्यातच होते. २० जूनच्या पहाटे विमानांनी बाँब टाकले आणि रणगाडे नेमके मराठ्यांच्या बाजूने घुसले. २१ जूनला तोब्रुक पडले. जवळजवळ ३३ हजार सैनिक कैद झाले.

घरी कळले ते एवढेच, की माणूस बेपत्ता. लोक पणजीला कुंकू पुसायला सांगू लागले. तिने ऐकले नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, मग इटलीतल्या कैद्यांच्या छावणीतून कार्ड आले.

परत आल्यावर पणजोबा चहाचे, पाण्याचे सांगत, पण त्या दिवसाविषयी कधी बोलले नाहीत. ‘हरलो, त्यात काय सांगायचं,’ एवढेच म्हणत. मला हे पटत नाही. मी वाचले, की आधीच्या वेढ्यातले पुष्कळ सुरुंग काढून दुसरीकडे नेले होते आणि रणगाडे अडवायचे चर वाळूने भरले होते. ते बुजलेले चर काही पणजोबांनी बुजवले नव्हते. हे आजोबांना वाचून दाखवले, तर ते बराच वेळ पेटीवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, ‘पोरी, परत एकदा वाच.’

नोव्हेंबर १९४२ मध्ये तोब्रुक पुन्हा दोस्तांकडे आले. लिबिया २४ डिसेंबर १९५१ रोजी स्वतंत्र झाला. पुढे वाळवंटात खनिज तेल सापडले. सरीर येथून सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा नळ टाकून ते तोब्रुकला आणले आणि १९६७ पासून जहाजांत भरू लागले. गावाजवळ युद्धातल्या मृतांची दफनभूमी आहे.

भित्तिपत्रक पाहायला आलेल्या पालकांना विनंती. आपल्या घरी कुणी पलटणीत होते का? जुने पदक किंवा पत्र असेल तर त्यावरच्या गावाचे नाव मला सांगा. शेजारी चिकटवलेल्या नकाशात मी तिथे लाल शाईने ठिपका देईन. सध्या एकच आहे.