सोलापूरचा किल्ला आणि दोन शाह्या

मुलांनो, सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठी एक जुना भुईकोट किल्ला आहे. त्याच्यासाठी दोन प्रबळ राज्ये पिढ्यान् पिढ्या झगडली.

बहमनी सत्ता खिळखिळी झाली, तेव्हा १४९० च्या सुमारास अहमदनगरास निजामशाही व विजापुरास आदिलशाही उदयास आली. सोलापूर पडले दोहोंच्या सीमेवर! १५२४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाचा विवाह आदिलशहाच्या बहिणीशी सोलापुरासच झाला. किल्ला आंदण मिळेल ही त्याची आशा फोल ठरली आणि सोयऱ्यांचे वैरी झाले. पुढे नगरची राजकन्या चांदबिबी विजापूरची सून झाली, तेव्हा हाच किल्ला तिला आंदण देण्यात आला. १५६५ मध्ये दक्षिणेतील शाह्यांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला.

परंतु हा एकोपा टिकला नाही. उत्तरेकडून मोगल चालून आले. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने नगरचा किल्ला निकराने लढविला. पण दरबारातील दुहीपुढे तिचे शौर्य अपुरे पडले. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. तिचा मुलूख मोगल व आदिलशहा यांनी वाटून घेतला. शेजाऱ्याच्या नाशात विजापूरने आपला लाभ पाहिला. परंतु मोगलांना अडविणारी भिंतच त्यामुळे नाहीशी झाली होती. १६८६ मध्ये त्याच मोगलांनी विजापूरही जिंकले.

स्वाध्याय : सोयऱ्यांचे वैरी कशामुळे झाले? निजामशाहीच्या नाशाने आदिलशाहीची कोणती हानी झाली?