गाडीच्या रेडिओवरची ६४ अक्षरं: जाहिरातीची ओळ कशी लिहायची?

रेडिओ जाहिरातीच्या व्हिडिओत आपण आवाजाबद्दल बोललो. आज त्याच जाहिरातीची दुसरी बाजू बघू. गाडीत एफएम लावलं की स्क्रीनवर स्टेशनचं नाव, गाण्याचं नाव येतं ना? अमेरिकेत अनेक स्टेशनं तीच जागा जाहिरातदारांना विकतात. तुम्ही ती जागा घ्या किंवा घेऊ नका, पण तिथे लिहायला शिकलात तर बोर्ड, बिल, व्हॉट्सअॅप स्टेटस, सगळीकडे उपयोग होईल.

आधी यंत्रणा समजून घ्या

या सोयीचं नाव आरडीएस, म्हणजे रेडिओ डेटा सिस्टीम. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघाने १९८४ मध्ये ती ठरवली. अमेरिकेने १९९३ मध्ये थोडे बदल करून स्वतःची आवृत्ती काढली. एफएमच्या आवाजासोबतच, आपल्याला ऐकू येणार नाही अशा ५७ किलोहर्ट्झच्या उपलहरीवर हा मजकूर जातो. वेग किती? सेकंदाला फक्त ११८७.५ बिट. मोबाईलच्या मानाने ही बैलगाडीच म्हणायची.

त्यात आपल्या कामाच्या जागा दोन:

१. स्टेशनच्या नावाची जागा: फक्त ८ अक्षरं.
२. रेडिओटेक्स्ट: ६४ अक्षरं. मोकळी जागा आणि स्वल्पविरामसुद्धा यातच मोजायचे.

रेडिओटेक्स्ट चार-चार अक्षरांच्या तुकड्यांनी जातो. म्हणजे पूर्ण ओळीला १६ तुकडे. सेकंदाला सगळे मिळून साधारण ११ तुकडे जातात, पण स्टेशनला त्यातच बाकीची माहितीही पाठवायची असते. समजा त्यांनी एक तृतीयांश वेळ या ओळीला दिला, तर ती पूर्ण पोचायला चारेक सेकंद लागतात. मध्ये बोगदा आला, सिग्नल कमी झाला, तर राहिलेला तुकडा पुढच्या फेरीत येणार.

जाहिरात तिथे येते कशी?

स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला आत्ता काय वाजतंय हे माहीत असतं. गाणं लागलं की गाण्याचं नाव, तुमचा स्पॉट लागला की तुमची ओळ. काही स्टेशनं गाणं चालू असतानाही प्रायोजकाची ओळ दाखवतात. एचडी रेडिओ असलेल्या गाडीत दुकानाचा लोगोही दिसू शकतो.

८ अक्षरांच्या जागेवरून मात्र वाद आहे. मूळ मानकाप्रमाणे तिथे स्टेशनचं नाव स्थिर राहायला हवं. अमेरिकेत बरीच स्टेशनं त्याच जागेत शब्दामागून शब्द फिरवतात, कारण साध्या रेडिओवर तेवढंच दिसतं. ऐकणाऱ्याला मग स्टेशन कोणतं तेच कळत नाही, आणि तुमची ओळही तुकड्यांत दिसते. म्हणून मी सांगेन, ६४ ची जागा मागा.

आता लिहूया

समजा न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर देसाईंचं किराणा दुकान आहे आणि दिवाळी जवळ आली आहे. पहिल्या झटक्यात बहुतेक जण लिहितात: "दर्जा, विश्वास आणि तत्पर सेवेचं एकमेव ठिकाण". यात दुकान कुठे आहे? काय मिळतं? काहीच नाही.

आता हे बघा: "देसाई ग्रोसरी, ओक ट्री रोड. दिवाळी फराळ टिल संडे." आरडीएसच्या मूळ अक्षरतक्त्यात देवनागरी नाही, म्हणून हे रोमन लिपीत मोजा. शेवटचा पूर्णविराम सोडला तर ५४ अक्षरं होतात. नाव आलं, जागा आली, वस्तू आली, मुदत आली. तरी १० शिल्लक!

नियम लक्षात ठेवा:

- नाव आधी. काही गाड्यांत ओळीचा सुरुवातीचा भागच दिसतो.
- कानाने पटवायचं, डोळ्याने पत्ता द्यायचा. फराळ किती खुसखुशीत, हे आवाजात सांगा. विसरायला होतं ते स्क्रीनवर ठेवा.
- फोन नंबर टाळा. चालवणाऱ्याने तो टिपून घ्यावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. रस्त्याचं किंवा चौकाचं नाव द्या.

हा शेवटचा मुद्दा फक्त जाहिरातीचा नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने २०१३ मध्ये गाडीतल्या स्क्रीनसाठी ऐच्छिक मार्गदर्शक सूचना काढल्या. रस्त्यावरून नजर हटली तर एका वेळी दोन सेकंदांच्या आत परत यावी, हा त्यांचा आधार आहे. तुमची ओळ एका नजरेत वाचून झाली नाही, तर ती लिहूच नका. ज्याला दुकानात बोलवायचंय तो धडधाकट पोचायला हवा, बरोबर ना?

पैसे देण्याआधी चार प्रश्न

१. ओळ माझ्या स्पॉटसोबतच दिसणार की इतर वेळीही?
२. ८ च्या जागेत की ६४ च्या?
३. स्पॉट संपल्यावर किती वेळ राहणार?
४. कधी कधी दाखवली याची नोंद मला मिळणार का?

चौथ्या प्रश्नावर थोडं थांबा. साधं एफएम एकतर्फी आहे. ओळ किती वेळा पाठवली हे स्टेशन सांगू शकतं. किती गाड्यांत दिसली आणि कोणी वाचली, हे त्या लहरीवरून परत कळत नाही. कोणी "इतक्या हजार लोकांनी वाचली" असं छातीठोक सांगितलं, तर आकडा आला कुठून ते विचारा. आपला हिशोब आपणच ठेवायचा: काउंटरवर वही ठेवा, आणि नवीन ग्राहकाला "आमच्याबद्दल कुठे कळलं?" एवढंच विचारा. महिनाभराने ती वहीच सांगेल पैसे वसूल झाले की नाही.

तुमच्या शहरातल्या स्टेशनकडे ही सोय आहे का, हे त्यांच्या जाहिरात विभागाला विचारा. नसली तरी गृहपाठ सुटत नाही!

गृहपाठ: तुमच्या दुकानाची ओळ रोमन लिपीत ६४ अक्षरांत लिहा. मग ती दुकान माहीत नसलेल्या माणसाला दोन सेकंद दाखवून झाका. नाव आणि ठिकाण त्याला सांगता आलं तर पास. नाही आलं, तर अजून एक शब्द कापा आणि परत दाखवा.