दाणेदार व पातळ खत : हिशेब एकच हवा

खताचे दुकान किंवा रोपवाटिका चालविणाऱ्या बंधूंना गिऱ्हाईक हमखास विचारते, "जमिनीत खत टाकले आहे, आता ठिबकातूनही द्यावे काय?" आमचे उत्तर असे: द्यावे, पण दोन्हींचा हिशेब एकत्र मांडून.

समजा, माती परीक्षणानंतर एकरी 40 किलो नत्र व 23 किलो स्फुरदाची शिफारस आहे. पालाश पुरेसे आहे. डीएपीच्या 50 किलोच्या एका गोणीतून 9 किलो नत्र व 23 किलो स्फुरद मिळते. स्फुरद जमिनीत फारसे सरकत नाही, म्हणून ही गोणी लागवडीच्या वेळी मुळांच्या पट्ट्यात मिसळावी. स्फुरद पुरे झाले. आता वर 19:19:19 घेणे म्हणजे त्याच वस्तूचे दुसऱ्यांदा पैसे मोजणे होय. उरले 31 किलो नत्र. युरियात ते 46 टक्के असते, म्हणून 45 किलोच्या दीड गोण्या पुरतात. हा युरिया पाण्यात विरघळवून थोडाथोडा, हप्त्यांनी सोडावा. एकदम दिल्यास पाने करपतात व उरलेले नत्र पाण्याबरोबर खाली जाते.

कॅल्शियम नायट्रेट स्फुरद किंवा सल्फेटयुक्त खताबरोबर एका टाकीत कधीही मिसळू नये. साका धरतो व ठिबकाची छिद्रे बुजतात. ती वेगळ्या दिवशी द्यावीत.

खत नियंत्रण आदेश, 1985 प्रमाणे पावती देणे बंधनकारक आहे. त्याच पावतीमागे हा हिशेब लिहून द्यावा. एक गोणी कमी खपली तरी चालेल. पीक करपले तर गिऱ्हाईकही जाते आणि उधारीही बुडते.