छातीतली धडधड आणि हृदयाची झडप

मैत्रिणींनो, पेण-रोह्याच्या सभांमध्ये बचतीचा हिशोब आटोपला की कोणीतरी हळूच विचारतंच, "ताई, उगाच धडधडतं, काय असेल?" लगेच शेजारची म्हणते, "टेन्शन घेऊ नको." टेन्शन असतंही, पण दरवेळी तेच नसतं. म्हणून या वेळचा पाठ धडधडीचा.

विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व आठवा. तो खराब झाला की पाइपात चढलेलं पाणी परत खाली उतरतं. हृदयात अशा चार झडपा असतात. रक्त पुढे गेलं की झडप मिटते. ती नीट मिटली नाही तर थोडं रक्त उलट येतं. डॉक्टर यालाच व्हॉल्व लीक म्हणतात. मग तेवढंच रक्त अंगाला पोचवायला हृदयाला जास्त राबावं लागतं. गळती मोठी असेल तर कप्पा हळूहळू ताणला जातो आणि ठोक्यांचा ताल बिघडू शकतो.

लीक हा शब्द ऐकून हातपाय गाळू नका. गळती थोडी असेल तर पुष्कळ बायका वर्षानुवर्षं लावणी, घर, गट सगळं सांभाळतात, फक्त ठरलेली तपासणी चुकवायची नाही. गळती किती आहे ते टू-डी इकोत दिसतं, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ईसीजी वेगळा. धडधड थांबल्यावर काढला तर तो नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा त्यावर विषय सोडू नका.

धडधड सुरू झाली की खाली बसा. मनगटाची नाडी अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. शांत बसलेलं असताना साधारण 60 ते 100 ठोके असतात. आकडा, ताल सरळ की अडखळता, किती वेळ चाललं, हे कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

धडधडीला झडपच कारण असते असं नाही. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असणं, थायरॉइड, पाळी जाण्याचे दिवस, जास्त चहा, यानेही होतं. आणि मिशरी! दात घासायला म्हणून लावली तरी ती तंबाखूच, ठोके वाढवते.

झडप बिघडण्याची मुळं कधीकधी लहानपणात असतात. घसा दुखून ताप येतो, दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात, एक सांधा बरा झाला की दुसरा धरतो. हा सांधेताप झडपेला इजा करतो. शाळेतल्या मुलांमध्ये हे दिसलं तर तेल चोळत बसू नका, सरकारी दवाखान्यात न्या. पेनिसिलिनची इंजेक्शनं डॉक्टर सांगतील तितकी वर्षं, तारीख न चुकवता घ्यावी लागतात. बरं वाटतंय म्हणून मधेच बंद केली की ताप परत येऊ शकतो आणि झडप आणखी खराब होते.

झडपेचा त्रास असलेल्या सुनेने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, हृदयावर भार येतो. सासूबाईंनीही हे वाचावं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करायची नाही. दात काढायच्या आधी दातांच्या डॉक्टरांना झडपेचं सांगायचं. पाय सुजत असतील तर पापड, लोणचं, खारवलेली मासळी कमी.

ऑपरेशन सांगितलं तर कर्ज काढण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. सोबत रेशनकार्ड आणि आधार न्या.

धडधडीबरोबर चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, आडवं झाल्यावर दम कोंडणं, तोंड वाकडं होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा.

पुढच्या सभेला सेकंदकाट्याचं घड्याळ आणा, एकमेकींची नाडी मोजून बघू.